मुक्या लग्नाची सीडी

तमाम वाचकांस, आप्तेष्टांस आणि विशेषतः माझ्या मामेबहिणीच्या सासरच्या मंडळींस या प्रकटनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सुरेखा आणि पांडुरंग यांचा विवाह, जो भर वैशाखात हळद, मांडव, बँड आणि दोन वेळच्या पंगतींसह यथासांग पार पडला अशी सर्वांची भाबडी समजूत होती, तो प्रत्यक्षात कार्तिक महिन्यापर्यंत लागलेलाच नव्हता. निदान मी काढलेल्या सीडीत तरी नव्हता. या प्रकारास सर्वस्वी मी जबाबदार आहे. वधू, वर, भटजी आणि आचारी यांचा त्यात काडीचाही दोष नाही. बँडवाल्यांचा थोडा आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी.

हा अपराध माझ्या हातून कसा घडला हे कळायचं तर आधी आमचं घर ऐकावं लागेल. पाहावं लागेल असं म्हणत नाही, कारण त्यात पाहण्यासारखं फारसं नव्हतं. शहापूर आणि मुरबाड यांच्या मधोमध असलेलं आमचं गाव दोन्हीकडच्या एसटीवाल्यांना आपलं वाटत नसे. गावाच्या तोंडाशी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भाताची गिरणी होती आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या तीन खोल्यांत आम्ही राहायचो. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की भिंतीवरचे देवांचे फोटो, मांडणीवरची ताटं आणि बशीतला चहा, सगळ्यांना एकच थरथर सुटायची. त्या घरघरीत आम्ही जेवायचो, अभ्यास करायचो, झोपायचो. आमच्याकडे कुणी हळू बोलतच नसे. आई 'भाकरी घेतोस का' असं विचारायची तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की घरात वाटणीवरून जुंपली आहे. आबा एखाद्याच्या कानात गुपित सांगायचे ते पिंपळापलीकडच्या थांब्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांनाही कळायचं. आणि कोंडा. तांदळाच्या भाकरीवर कोंडा, सुकटीच्या चटणीत कोंडा, माझ्या केसांत, वह्यांत, उशीत कोंडा. तो दिसायचा म्हणून झटकता यायचा. आवाज मात्र आमच्या कानांत इतका मुरला होता की तो आहे हेच आम्ही विसरलो होतो. (परवा कानाच्या डॉक्टरांनी मला याबद्दल बरंच काही सांगितलं. बहुधा याबद्दलच असावं.)

अशा घरातल्या मुलाला कॅमेऱ्याचं वेड लागलं तर तो डोळ्यांनीच विचार करणार. वाशिंदच्या एका कारखान्यात मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि पहिल्या वर्षाचा बोनस व्हिडिओ कॅमेऱ्यात घालायचा हे पक्कं होतं. कोणता, एवढंच ठरत नव्हतं. ते ठरवण्यात मी पावसाळा घालवला, मग दिवाळी घालवली, मग मकरसंक्रांत. पाठ्यपुस्तकांना कधी लावलं नाही असं जाड कव्हर लावलेल्या वहीत मी रकाने आखले होते. झूम किती, भिंग किती जाड, बॅटरी किती टिकते, पडदा बाहेरच्या बाजूला वळतो की नाही. मला लागणारा कॅमेरा बाजारात आला की त्याच आठवड्यात त्याहून चांगला येणार असल्याची बातमी यायची, आणि मी पुन्हा नवा रकाना आखायचो. आई म्हणायची, "तुझ्या बापानं मला एका दुपारात पसंत केलान. तू त्या डबड्यात इतकं काय बघतोस रे?" त्यावर आबा गिरणीतून ओरडायचे, "म्हणून तर सांगतो, नीट बघून घे!"

शेवटी सल्ल्यासाठी मी शहापूरला विलासकडे गेलो. बस स्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटोपासून बारशापर्यंत सगळं तो एकाच कंटाळलेल्या चेहऱ्याने काढायचा. माझी वही त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, मिटली आणि विचारलं, "माईकचा रकाना कुठाय?"

"माईक कॅमेऱ्यातच असतो ना."

"असतो. मांडवात शेवटच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यासारखा असतो. त्याला फक्त शेजाऱ्याचा ढेकर आयकू येतो. कॅमेरा साधा घे, पण वेगळा माईक घे आणि कानाला लावायचे हेडफोन घे."

मी गंभीरपणे मान डोलावली, त्याच्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं, आणि तिथे मला तो दिसला. स्टार फिल्टर! भिंगाला लावायची एक गोल काच, जी लावली की प्रत्येक दिव्याची, निरांजनाची, नथीतल्या खड्याची चार टोकांची चांदणी होते. त्याच्या शेजारी माईक होता. काळा, काडीसारखा, वर स्पंजाची टोपी घातलेला, सुतकी चेहऱ्याचा. मित्रांनो, तुम्हीच सांगा. मी फिल्टर घेतला. उरलेल्या पैशांत चौदा कप्प्यांची बॅग घेतली. चौदांपैकी तीन कप्प्यांत काय ठेवायचं हे मला आजही कळलेलं नाही.

कॅमेरा आल्यावर पहिल्या रविवारी तो घेऊन मी तानसाच्या तलावावर गेलो आणि पलीकडच्या काठावर ध्यानस्थ बसलेल्या एका बगळ्याचं चाळीस मिनिटं चित्रण केलं. माझा श्वासही टेपेवर येऊ नये म्हणून मी तो धरून धरून सोडत होतो. घरी टीव्हीवर लावल्यावर आईने पाचव्या मिनिटाला निदान केलं, "सिमिटाची पिशवी हाय ती. बुंध्याला अडकलेय." ती पिशवी मात्र अप्रतिम आली होती. झूमला तोड नव्हती.

मग सुरेखाचं लग्न ठरलं. मामाचं घर गिरणीपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे आमच्या हाकेच्या. मामाला मी सांगितलं की बाहेरचा व्हिडिओवाला बोलवायचा नाही, आणि फुकटच्या उत्साहाला नाही म्हणण्याचं धैर्य मामाकडे नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात तांदळाच्या वड्यांचा घाणा चालू होता, वालाच्या बिरड्याचा वास येत होता, बायका एकमेकींना हळद फासत होत्या आणि मी चौदा कप्प्यांची बॅग पाठीवर घेऊन सगळ्यांच्या पायांत येत होतो. आणि मांडवाच्या मधल्या खांबाशी, पाटावर, पाय दुमडून मथीआत्या बसली होती.

मथीआत्या कुणाची आत्या होती हे कुणाला ठाऊक नव्हतं. ती आमच्या भागातली धवलारीण. हळदीला आणि लग्नाला धवले गाणारी. भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, दक्षिणा घेऊन दुसऱ्या मुहूर्ताला पळतात. पण देवांना लग्नाचं आवतण द्यायचं ते धवलारणीने. गावदेवीला, वेशीवरच्या वाघोबाला, डोंगराला, विहिरीच्या पाण्याला ती एकेकाचं नाव घेऊन, थोडं लाडाने, थोडं धाकाने बोलावते. ते सगळे आले की मग लगीन लागलं. माझ्या आईचं लग्न तिने लावलं होतं, मामाचं लावलं होतं, आणि आता सुरेखाचं. आवाज जाडसर, थोडा नाकातला, आणि एकदा सुरू झाला की बँडवाल्यांनाही न जुमानणारा. त्या दिवशी मात्र बँडवाले तिच्या गाण्याच्या ऐन मध्यात अंगणात घुसले आणि वाजवतच राहिले. त्यांचा थोडा दोष तो हाच. तरी ती थांबली नाही. गाणं संपल्यावर तिने माझी बाही धरली.

"दिन्या, माझा आवाज यात येल ना रे?"

"येईल की आत्या."

"नाय, म्हणून इचारते. आख्खा तालुका आयकून बसलाय, मीच तेवढी ऱ्हायलेय. मला एकदा आयकायचा हाय."

मी तिला शब्द दिला. खरं सांगतो, देताना मी तिच्या नथीवर चांदणी नीट येते आहे का ते बघत होतो.

लग्नानंतर सुरू झालं संकलन. गिरणीच्या हिशेबाच्या टेबलावर संगणक होता, कोंडा बसू नये म्हणून आईचं जुनं लुगडं पांघरलेला. एका मित्राने संकलनाचं सॉफ्टवेअर आणून दिलं होतं, आणि त्यात एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे सव्वाशे प्रकार होते. मी एकही वाया जाऊ दिला नाही. सुरेखा बदामातून आली, पाकळ्या होऊन गेली. पांडुरंगाचे नऊ चौकोन झाले आणि नऊही गरगर फिरले. कन्यादानाच्या क्षणी मामा पुस्तकाच्या पानासारखा दुमडून उलटला गेला, तो मामीने 'आवं, गेले कुठं?' असं विचारेपर्यंत परत आलाच नाही. हे सगळं शिजवून एकसंध करायला संगणक आठ-आठ तास घ्यायचा, त्याला रेंडर म्हणतात. आबांना तो शब्द रेडा असा ऐकू आला आणि पुढे तोच चालला. गिरणीची मोटर सुरू झाली की विजेचा दाब पडून संगणक बंद व्हायचा. त्यामुळे रोज सकाळी आबा पट्ट्यावर हात ठेवून ओरडून विचारायचे, "तुझा रेडा उठला का बसलाय अजून?" आणि पोती घेऊन आलेले लोक, आत नेमकं कोणतं जनावर बांधलं आहे हे बघायला खिडकीतून डोकवायचे.

धवल्यांपाशी आलो तेव्हा अडचण झाली. माझ्या कॅमेऱ्यातल्या पाहुण्याने, विलास म्हणाला होता अगदी तसंच, समोरचं सोडून आजूबाजूचं सगळं ऐकलं होतं. बँड, वड्यांच्या तेलाचा चर्रर्र आवाज, एक रडणारं मूल, आणि मागे कुठेतरी मथीआत्या. एका मासिकातल्या लेखात लिहिलं होतं की हौशी माणसाची पहिली चूक म्हणजे चित्रणातला गोंगाट तसाच ठेवणं, तो काढून टाकावा व मधुर संगीत घालावं. मी काढून टाकला. त्याजागी सॉफ्टवेअरबरोबर आलेली एक बासरी घातली, आणि ती मला फारच आवडल्यामुळे तीनदा घातली. मग संगणकात जागा उरली नाही म्हणून मूळ चित्रण पुसलं, आणि लग्नाच्याच टेपेवर गावदेवीच्या देवळातली दीपमाळ स्टार फिल्टर लावून टिपली. इतक्या चांदण्या एकाच वेळी मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

ज्येष्ठात नवं जोडपं मामाकडे आलं, बरोबर सुरेखाच्या सासूबाई आल्या, आणि दुपारच्या जेवणानंतर सीडी लावायचं ठरलं. मथीआत्या तिच्या पाड्यावरून उन्हाची चालत आली होती, घडीचं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून. तिला टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसवलं. चांदण्यांना दाद मिळाली. बदामाला मिळाली. मामा उलटला तेव्हा पोरांनी परत लावायला लावला. मग पडद्यावर मथीआत्या दिसली आणि खोलीतल्या मथीआत्याने हात वर केला. "आता गप ऱ्हा सगळे. माझा हाय." पडद्यावर तिने तोंड उघडलं आणि त्यातून बासरी आली.

ती बराच वेळ बघत राहिली. पडद्यावर तिच्या मानेची शीर ताणली जात होती, हात वाघोबाकडे उठत होता, ओठ भराभरा हलत होते, आणि बासरी आपली निवांत वाजत होती. ती टीव्हीच्या मागे जाऊन बघून आली. मग माझ्याकडे वळली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"माझा आवाज कुठं गेला रे?"

मी गोंगाट, मासिक, मधुर संगीत असं काहीतरी पुटपुटलो. आमच्या घरात पुटपुटण्याची सवय नसल्याने ते सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं.

"म्हणजे देवांना आवतनच गेलं नाय," ती शांतपणे म्हणाली. "यात लगीन लागलंच नाय."

सुरेखाच्या सासूबाईंचा चेहरा उतरला. पांडुरंग मात्र सावरून बसला आणि म्हणाला, "मग मी मोकळा ना आत्या?" सुरेखाने त्याला जो चिमटा काढला त्याचा आवाज माझ्या कॅमेऱ्यातही आला असता. सगळे हसले. मथीआत्या हसली नाही. तिने चहा घेतला नाही, निघाली, आणि दारात अबोलीची वेणी केसांतून काढून हातात घेतली. एवढंच. माझ्या उभ्या आयुष्यात मला लोकांनी बरंच काय काय सुनावलं आहे, पण ते वेणी काढणं मला अजून पचवता आलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी पाड्यावर गेलो आणि म्हणालो, आत्या, पुन्हा गा, मी परत भरतो. ती नाचणी निवडत होती. "कुनाचं लगीन हाय?" तिने विचारलं. कुणाचंच नाही म्हटल्यावर तिने सूप खाली ठेवलं. "बिनलग्नाचं गाऊ? देवांना हाका मारून बोलावू, ते येतील, नि म्हणतील नवरी कुठाय, तर काय तुझी बॅग दाखवू?" मी सुरेखा-पांडुरंगाला पुन्हा बसवतो म्हणालो. एकदा लागलेलं परत लावायचं नसतं, असं तिने ठणकावलं. मग यात लागलं नाही म्हणालीस ते? "ते तुझ्या डब्यात नाय लागलं. माझ्या मांडवात लागलंय." या कायद्यापुढे माझं काही चालेना. पुढची लग्नं दिवाळीनंतर, आणि तोवर मी थांबायचं होतं.

थांबलो, पण नुसता नाही. शहापूरला विलासकडे जाऊन मी स्टार फिल्टर आणि चौदा कप्प्यांची बॅग त्याच्या काउंटरवर ठेवली आणि तो सुतकी माईक व हेडफोन मागितले. त्याने 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही, फक्त माझी जुनी वही आणली आहे का एवढं विचारलं. घरी येऊन मी हेडफोन कानांवर चढवले, माईकचं तोंड स्वयंपाकघराकडे केलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. त्या दिवशी गिरणीला काम नव्हतं. आई भाकरी थापत होती. तिच्या दोन्ही हातांचा ताल वेगळा होता, उजवा हात पडायचा आणि मागोमाग बांगड्या. शेवळाची भाजी रटरटत होती. आणि आई गुणगुणत होती! बावीस वर्षं मी त्या घरात राहत होतो आणि आई गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. मी आबांना हेडफोन दिले. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ऐकले आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "ही रोज असं करते?" आईने आतून उलथनं दाखवलं.

मार्गही तिनेच काढला. दिवाळी झाली, भात घरात येऊ लागलं, आणि एका सकाळी ती म्हणाली, "तुळशीचं लगीन, लगीन नाय का?" मी पुन्हा पाड्यावर धावलो. मथीआत्या विचारात पडली. नवरी आहे, नवरा आहे, अंतरपाट आहे, अक्षता आहेत. तिला खोट काढता येईना. "पन तुमच्या अंगनात गिरन केवढी कोकलते," ती म्हणाली.

हा खरा प्रश्न होता. तुळशीचं लग्न तिन्हीसांजेला, आणि ते दिवस म्हणजे गिरणीचा वर्षाचा हंगाम. रांगेत पोती लागलेली, लांबच्या पाड्यांवरून आलेली माणसं उजेड आहे तोवर परतायला उतावीळ. ते सोडून माझ्या नादापायी पट्टा थांबवा असं आबांना सांगायची माझी छाती नव्हती. त्या संध्याकाळी अंगणातल्या वृंदावनाला ऊस बांधला, आईने चिंचा-आवळे ठेवले, मथीआत्या पाटावर बसली, मी माईक तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला आणि डोळे मिटले. घरघर थांबली. मोटर, पट्टा, चाळण, एकामागून एक सगळं विझत गेलं. आबा कोंड्याने पांढरे झालेले दारात आले आणि रांगेतल्या माणसांकडे वळून म्हणाले, "लगीन हाय. बसा." आणि ती माणसं आपापल्या पोत्यांवर बसली.

मग ती गायली. बँड नव्हता, तेल नव्हतं, बासरी नव्हती. गावदेवीला बोलावलं, वाघोबाला दटावलं, डोंगराला जपून उतरायला सांगितलं. माझ्या कानांवर हेडफोन होते, आणि दोन ओळींच्या मधे ती श्वास घ्यायची तोही मला ऐकू येत होता. सुताएवढा, थोडा थरथरता. नुसत्या कानांनी तो कुणालाही कळला नसता. अक्षता पडल्या तेव्हा पोत्यांवरच्या माणसांनीही टाकल्या, मूठभर भाताच्याच. मी टेप मागे फिरवली, आत्याच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हेडफोन तिच्या कानांवर बसवले. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. मी कळ दाबली.

आधी ती दचकली. मग तिने मान तिरकी केली. भुवया जवळ आल्या. ती अगदी लक्ष देऊन, शेवटच्या आवतणापर्यंत ऐकत राहिली, मधेच एकदा नकळत मानेने दादही दिली. मग तिने हेडफोन तसेच ठेवून माझ्या आईकडे पाहिलं, आणि गिरणी बंद असलेल्या त्या शांत अंगणात, कानांवर काही चढवलेली माणसं बोलतात तशी पूर्ण ताकदीने ओरडली,

"ही कोन गो बाय? गाते झकास, पन माझी गानी हिला दिली कुनी?"